घोंगडे, पायघड्या आणि फॅशन

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'फॅशन' हा शब्द आमच्या घरात कित्येक वर्षे शिवीसारखा वापरला जात होता. केसांना तेल थोडे कमी चोपडले, की आजी म्हणायची, "लई फॅशन आलीया अंगात!" ओढणी दोन खांद्यांऐवजी एका खांद्यावर घेतली, तरी तेच. शेजारच्या मुलाने घोट्याच्या वर येणारी पँट आणली, तेव्हा त्याच्या वडिलांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारले होते, "कापड कमी पडलं, का शिंपी वळखीचा नव्हता?" तात्पर्य, फॅशन ही पोट भरलेल्यांनी आणि हाताला काम नसलेल्यांनी करावयाची गोष्ट, अशी आम्हां सर्वांची पक्की समजूत होती.

गंमत अशी, की आज आमचा संसार चालतो तो फॅशनवरच! माझी आई गेली नऊ वर्षे बारामतीत तयार कपड्यांच्या एका कारखान्यात काम करते. ती शिवते ते कपडे दूरदेशीच्या दुकानांत जातात. ती दुकाने तिने पाहिलेली नाहीत आणि पाहण्याची शक्यताही नाही. परंतु माझी फी, एस.टी.चा पास, धाकट्या भावाच्या वह्या आणि आजीच्या डोळ्यांत घालायचे औषध हे सारे त्याच कपड्यांतून निघते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा 'आधुनिक फॅशनमधील नवे तंत्र आणि त्याची कलात्मक मांडणी' असा विषय मी या अंकासाठी निवडला, त्याला हे कारण आहे. मैत्रिणी हसल्या. "तुला काय कळतंय त्यातलं?" त्यांचे हसणे रास्तच होते. मी फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम केलेला नाही. पण कापडावर चालून दमलेला हात मी रोज संध्याकाळी घरात पाहते. त्या हाताच्या आधाराने जे दिसले, ते लिहिते.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडे आत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी पोहोचते तिथपर्यंत ऊस आणि तिथून पुढे माळ. आमचे घर माळाच्या बाजूचे. आजोबांची मेंढरे होती. वडील दुसऱ्यांच्या उसाला पाणी धरतात. आई सातवी शिकलेली. लग्न झाल्यापासून खुरपणी, काढणी, मळणी यांतच तिचे दिवस गेले. पुढे बारामतीत कपड्यांचे कारखाने वाढले. केंद्र सरकारने २००५ साली एकात्मिक वस्त्रोद्यानांची योजना काढली. तिच्यातून देशभर जी वस्त्रोद्याने उभी राहिली, त्यांत बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील हायटेक टेक्स्टाइल पार्क हे एक. सकाळी त्या बाजूला गेलात, तर गाड्या भरभरून बायका उतरताना दिसतील. कोणाच्या डोक्याला रुमाल, कोणाच्या हातात डबा. काल-परवापर्यंत ज्यांच्या हातात खुरपे होते, त्यांच्या हाताखाली आता विजेवर चालणारी शिलाई मशीन आहे. आईच्या कारखान्याचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. असे कारखाने पुष्कळ आहेत आणि अशा आयाही पुष्कळ आहेत.

गावचा शिंपी माप घेतो, कापतो, शिवतो, काजे करतो आणि 'अंगात घालून बघ' म्हणतो. सदरा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचाच. कारखान्यातली रीत निराळी. कुठे तरी दूर बसलेला डिझायनर चित्र काढतो. त्या चित्रावरून कपड्याचे भाग पाडतात: पुढचे दोन पल्ले, पाठ, बाह्या, कॉलर, कफ, खिसा. या भागांचे नमुने पूर्वी जाड कागदावर हाताने कापीत. आता ते संगणकात असतात आणि एका मापावरून लहानमोठी सारी मापे संगणकच काढून देतो. मग हे सगळे तुकडे कापडाच्या पन्ह्यात कमीत कमी जागेत कसे बसतील, याची जुळणी करतात. तिला 'मार्कर' म्हणतात. कातरणात साधारणपणे दहा-पंधरा टक्के कापड वाया जाते असे या धंद्यात मानतात. त्यातले एक-दोन टक्के वाचले, तरी हजारो कपड्यांच्या मागे केवढे कापड वाचेल! नंतर थरावर थर अंथरून एकदम कापणी, बंडले बांधणी, आणि बंडल जाते लाइनीवर. लाइनीत प्रत्येक बाईचे काम ठरलेले. एक कॉलर लावील, दुसरी बाही जोडील, तिसरी ओव्हरलॉक मारील. आईने आजवर किती कॉलर लावल्या याचा हिशेब नाही. पण एक अख्खा सदरा तिने कारखान्यात कधी शिवला नाही.

आई प्रथम लागली ती हेल्पर म्हणून. तिचे काम धागे कापण्याचे. शिवण संपली की दोन्ही टोकांना धागा लोंबतो. तो हातात मावेल एवढ्या कात्रीने कापायचा. दिवसभर तेवढेच. मग कारखान्यात नवी यंत्रे आली. शिवण संपल्यावर टाचेने पायटा मागे दाबला, की यंत्राच्या पोटात बसविलेली सुरी धागा आपोआप कापते. ज्या कामाचा आईला पगार मिळत होता, ते काम त्या सुरीने गिळले! आठ दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. मी तेव्हा आठवीत होते. पुढच्या वर्षी शाळेत जायचे की आजीबरोबर खुरपायला, हा प्रश्न त्या आठ दिवसांत घरात कोणी विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता.

ज्या बायका मशीन शिकतील त्या राहतील, असे सांगण्यात आले. आई शिकायला बसली. प्रथम सुईत धागा नसतोच. कागदावर रेघा आखून देतात आणि त्या रेघेवरून नुसती सुई चालवायची. सरळ रेघ, मग नागमोडी, मग चौकोन. आई ते कागद घरी आणायची. भाऊ ते दिव्यासमोर धरायचा आणि सुईच्या भोकांतून उजेडाच्या ओळी भिंतीवर पडायच्या. कोणती ओळ रेघ सोडून गेली हे आम्ही तिला सांगायचो आणि ती हसायची. महिन्याभरात ती ऑपरेटर झाली. पगार वाढला. मी शाळेतच राहिले.

पण तिच्या शेजारी धागे कापणाऱ्या एका काकूंची नजर अधू झाली होती. त्यांना रेघ धरता येईना. त्या आता पुन्हा आमच्याच माळावर खुरपायला जातात. त्यांच्या मुलीचे शिक्षण दहावीला थांबले. 'विज्ञान: शाप की वरदान?' हा निबंध शाळेत मी दोन्ही बाजूंनी बिनदिक्कत लिहीत असे. आता लिहायला बसले, तर आमचे घर एका बाजूला दिसते आणि चार घरे सोडून काकूंचे घर दुसऱ्या बाजूला. यंत्र एकच.

ही गोष्ट आजची नाही, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात बसल्यावर कळले. बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी ऐंशीएक यंत्रे बसविली. आपला धंदा बसणार या भीतीने १८३१ साली शिंप्यांचा जमाव आला आणि त्याने ती यंत्रे मोडून टाकली. नवी कल्पना काढणारा शिंपी आणि ती मोडणारेही शिंपीच! पुढे अमेरिकेत एलियास हाउ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली पेटंटे घेतली आणि शिवणयंत्र जगभर गेले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीसुद्धा १९२४ साली एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. बायकोला हाताने टाके घालण्याचे कष्ट पडू नयेत या प्रेमापोटी ते यंत्र निर्माण झाले, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे यंत्राला गांधीजींनी लावलेली कसोटी कष्टाची होती. ते कोणाचे कष्ट हलके करते, आणि कोणाचा हात रिकामा करते?

दुसरी एक हकीगत मला याहून नवलाची वाटली. फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली असा माग तयार केला, की भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कापडात नक्षी आपोआप उठावी. भोक असेल तिथे एक दोरा उचलला जाईल, नसेल तिथे नाही. या जाकारचेच चित्र १८३९ साली रेशमात विणले गेले आणि त्यासाठी सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने हीच पुठ्ठ्यांची कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी घेतली, आणि त्या यंत्राला आज संगणकाचे पूर्वज मानतात. संगणक आज कापडाचे नमुने कापतो याचे आपल्याला नवल वाटते. पण एका अर्थाने तो मागाच्याच पोटी जन्मलेला आहे. आता माहेरी आला इतकेच!

तरीही एक गोष्ट यंत्राला अजून नीटशी साधलेली नाही. लोखंडाचा पत्रा यंत्रमानव सहज उचलतो, जोडतो. कापड मात्र त्याच्या हाती लागत नाही. ते लोंबते, ताणते, चुरगळते, निसटते. अमेरिकेत अटलांटा येथे 'सोबॉट' नावाचे आपोआप शिवणारे यंत्र तयार झाले आहे. त्याला कॅमेऱ्याने एकेका धाग्यावर नजर ठेवावी लागते. हे मी आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "कापड बोटाला कळतं गं. डोळ्याला मागनं कळतं." उद्या ही विद्याही यंत्राला येईल. तेव्हा आमच्या लाइनीवरच्या बायकांनी कोणती रेघ शिकायची, हे आजच कोणी तरी विचारात घ्यायला हवे.

आता मांडणीविषयी. एके रात्री जेवणे झाल्यावर मी मोबाइलवर आई आणि आजीला परदेशातले फॅशन शो दाखविले. पहिला १९९८ सालचा, लंडनचा. अलेक्झांडर मॅक्वीन या डिझायनरचा. पांढराशुभ्र झगा घातलेली शॅलोम हार्लो ही मॉडेल फिरत्या पाटावर उभी आहे आणि दोन्ही बाजूंचे यंत्रमानव तिच्या अंगावर काळा-पिवळा रंग फवारतात. आजी म्हणाली, "चांगलं धुतलेलं कापड नासवलं की!" दुसरा पॅरिसचा, २०२२ सालचा, 'कोपर्नी' या संस्थेचा. बेला हदीद ही मॉडेल जवळजवळ उघडी उभी राहते. तिच्या अंगावर पांढरा द्रव फवारतात, आणि पाहता पाहता त्याचे वस्त्र होते! मानेल तोरेस या स्पॅनिश संशोधकाने हा द्रव तयार केला. ते वस्त्र पुन्हा विरघळवून वापरता येते, असे त्याचे निर्माते सांगतात. आजीने आधी पदर तोंडाला लावला, मग बारकाईने पाहिले आणि विचारले, "उवा मारायचं औषध मारत्यात मेंढरांवर, तसंच हाय का हे?" आई मात्र गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "ह्यात शिवण कुठंय?" शिवण नाहीच, असे मी सांगितल्यावर तिने मोबाइल खाली ठेवला.

तिसरा शो पाहताना मात्र आजी पुढे सरकली. हुसेन चलायन हा सायप्रस बेटावर जन्मलेला डिझायनर. त्याने २००० साली लंडनला एक बैठकीची खोली रंगमंचावर मांडली. मुली येतात, खुर्च्यांच्या खोळी काढतात आणि अंगात घालतात. खुर्च्या मिटून पेट्या होतात. शेवटी एक मुलगी मधल्या लाकडी गोल टेबलात पाय घालून उभी राहते, ते वर उचलते, आणि टेबलाचा घागरा होतो. युद्धामुळे एका रात्रीत घर सोडावे लागणाऱ्या माणसांचा विचार त्यामागे होता. घर बरोबर कसे न्यायचे? तर अंगावर घालून. आजीला यातले लंडन कळले नाही, पण बाकी सगळे कळले. "आमचा वाडा असाच हलायचा," ती म्हणाली.

वाडा म्हणजे धनगरांचा वाडा; दगडमातीचा नव्हे. पाऊस संपला की आजोबा-आजी मेंढरे घेऊन निघायची. घोड्यावर भांडी, पीठ, कोंबड्या, लहान पोरे. आणि माणसाच्या अंगावर घोंगडे. ते रात्री अंथरूण आणि पांघरूण, दिवसा बैठक, आणि वाटेत मेंढी व्याली तर कोकरू गुंडाळायचे कापडही तेच. पावसात त्याची खोळ. चौघडी करून एक कोपरा दुसऱ्यात असा खोचायचा, की डोक्यावर टोपी होते आणि पाठीवर पागोळीसारखे पाणी निथळते. सुई नाही, गुंडी नाही, नाडी नाही. लोकर ओली झाली तरी ऊब सोडीत नाही. दख्खनी मेंढीची ही लोकर जाडीभरडी. काळा, पांढरा, करडा हे रंग मेंढराच्या पाठीवरचेच, रंगारी लागत नाही. लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचे आणि सणगराच्या मागावर द्यायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ लावली की सूत ताठ राहते. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. त्या जावळाचे घोंगडे मऊ आणि महाग.

जपानी डिझायनर इस्से मियाके हा २०२२ साली वारला. त्याने १९९८ साली 'ए-पॉक' या नावाने कपड्यांची नवी तऱ्हा जगापुढे आणली. नावाचा अर्थच 'कापडाचा एक तुकडा'. संगणकाला सूचना दिली की यंत्र सुताची एक लांब नळी विणते. तिच्यातच कपड्यांच्या रेघा विणलेल्या असतात. विकत घेणाऱ्याने कात्रीने त्या रेघांवर कापले, की कपडा तयार. शिवायचे काही नाही. बाही केवढी ठेवायची हेही ज्याचे त्याने ठरवायचे. जगाने याचे योग्य ते कौतुक केले. मला ते वाचताना आजोबांची खोळ आठवली. एकच कापड, शिवण नाही, आणि शेवटचा आकार घालणाऱ्याच्या हातात. फरक इतकाच, की मियाकेपाशी संगणक होता आणि आजोबांपाशी पाऊस. आजीचे नऊवारी लुगडे तरी दुसरे काय आहे? नऊ वार सरळ कापड. शेतात निघाली की ओचा आवळते, लग्नाला निघाली की निऱ्या सोडते.

परंतु जुने तेवढे सोने, असे मी म्हणणार नाही. घोंगड्याला आज गिऱ्हाईक कमी, लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. म्हणून पुष्कळ मेंढपाळ मांसासाठी माडग्याळसारख्या, अंगावर लोकर कमी असलेल्या मेंढ्यांकडे वळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. तंत्रज्ञान मेंढीच्या रक्तात गेले ते कोकरांसाठी. लोकर बाजूला राहिली. मेंढपाळाने पोट पाहिले तर त्याला नावे कोणी ठेवावीत?

उलट नव्यानेही जुन्याला तारले आहे. शिवलेली नऊवारी पाहा! बारामतीच्या कपड्यांच्या दुकानांत ती आता सर्रास मिळते. निऱ्या आणि कासोटा आधीच शिवलेला. पायजम्यासारखी चढवायची, पदर खांद्यावर घ्यायचा, झाले. आजीला प्रथम हसू आवरेना. "लुगड्याला टाकं घातलं? मग त्याला झबलं म्हना!" पण ज्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही, ज्यांना स्कूटरवर बसायचे आहे, ढोल वाजवायचा आहे, नाचायचे आहे, त्यांच्या अंगावर ती या शिवणीमुळेच आली. कोण्या मोठ्या डिझायनरच्या नावावर हा शोध जमा नाही. गल्लीबोळातल्या शिवणाऱ्या बायकांनी तो आपापसांत पसरविला.

आता मांडणीचे माझ्या लेखी सर्वांत मोठे उदाहरण. त्यासाठी लंडन-पॅरिसला जावे लागत नाही; बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याने काटेवाडीपर्यंत गेले की पुरे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे निघते, तेव्हा काटेवाडीत परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धुतलेल्या धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि त्यांवरून पालखी जाते. मग मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढरे पालखीभोवती धावत फेरी घेतात. फॅशन शोमध्ये मॉडेल ज्या पट्टीवरून चालते तिला रॅम्प म्हणतात. तिथे सगळ्यांचे डोळे वरच्या माणसावर असतात. काटेवाडीत डोळे खालच्या कापडाकडेही जातात. ज्याने धुतले त्यानेच अंथरले, हे सगळ्यांना माहीत असते. ज्या मेंढराच्या अंगावरून घोंगडे आले, ते मेंढरूही त्या सोहळ्यात धावते. कापड, कापडाचा कष्टकरी आणि कापडाचे मूळ हे तिन्ही एकाच वेळी लोकांसमोर येतात. असा शो मी मोबाइलवर तरी दुसरा पाहिलेला नाही.

यावरूनच गेल्या स्नेहसंमेलनात आम्ही चौघांनी फॅशन शोमध्ये एक फेरी घेतली. वाणिज्य शाखेचा एक मित्र घोंगड्याची खोळ घेऊन आला. एक मैत्रीण आजीच्या लुगड्यात, दुसरी शिवलेल्या नऊवारीत, आणि मी खताच्या पोत्याची खोळ घेऊन. पावसात खुरपताना आमच्याकडच्या बायका पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घालून ती डोक्यावर घेतात, तीच. मागच्या पडद्यावर आजीचे हात घोंगड्याची घडी घालताना दिसत होते. ते मोबाइलवर मीच टिपले होते. निवेदनात डिझायनरचे नाव नव्हते. लोकर कोणाच्या कळपाची, सूत कोणी काढले, विणले कोणी, तेवढेच. माझ्या वेळी निवेदकाने वाचले, "कापड: खत संपलेले पोते. शिवण: नाही. खर्च: नाही. वापर: चार महिने." सभागृहात हशा पिकला. मग पुढच्या रांगेत कोणी तरी टाळी वाजविली आणि त्या टाळ्या बराच वेळ चालल्या. नंतर आमच्या मराठीच्या सरांनी खोळीच्या घड्यांना काय काय नावे आहेत ते विचारून वहीत लिहून घेतले.

आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. परत जाताना एस.टी.त ती खिडकीबाहेर पाहत राहिली. काटेवाडी मागे पडल्यावर म्हणाली, "ते पोतं कशाला दाखवलंस? ते घेऊन मी बारा वर्षं खुरपलं, तवा कुनी टाळ्या वाजवल्या न्हाईत."

तिचे हे बोलणे मला पटते आणि पटतही नाही. पोते ही गरज होती, हौस नव्हती; गरजेला रंगमंचावर चढविले की पाहणाऱ्याला ती हौस वाटू लागते, हे खरे. फाटक्या जीन्सना हजारो रुपये मोजणारे लोक आहेत, आणि फाटका परकर पदराखाली लपविणाऱ्या बायकाही. पण ते पोते लपवून ठेवले असते, तर सभागृहातल्या निम्म्या मुलामुलींच्या आयांच्या डोक्यावरचा एक कपडा कपड्यांच्या इतिहासात नव्हताच असे झाले असते. डोके कोरडे ठेवण्याची ती युक्ती कोण्या बाईच्या बुद्धीतून निघाली. तिलाही डिझाइन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. जेवताना केव्हाही निघतो.

दुकानातला कपडा उलटा करून पाहावा. गळ्यापाशी कंपनीचे नाव असते, माप असते, कोणत्या देशात तयार झाला ते असते, पाण्यात कसा धुवावा हेही असते. इतक्या सूचना त्या चिंधीवर मावतात, पण कॉलर कोणी लावली हे मावत नाही. आता तर कपड्याच्या चिठ्ठीवर चौकटीचौकटींचा एक ठसा छापतात आणि त्यावर मोबाइल धरला की सारी माहिती समोर येते. हे तंत्र किंमत सांगण्यासाठी आहे, तसे काटेवाडीच्या पायघड्यांसारखे हात दाखविण्यासाठीही वापरता येईल. ज्या दिवशी ते होईल, त्या दिवशी आधुनिक फॅशनची मांडणी खरोखर नवी झाली असे मी म्हणेन.

पदवीनंतर वस्त्रांचे पुढचे शिक्षण घ्यावे असे मनात आहे. हे आईला सांगितले, तेव्हा तिने हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. दिवाळीत मावशीकडून जुनी पायमशीन आणली. दर रविवारी ती मला शेजारी बसविते. सुईत धागा नाही. कागदावर रेघा आखलेल्या. "चित्र मागनं काढ. आधी रेघ धर," म्हणते. पहिले तीन कागद वाकडे गेले. चौथा तिने ठेवून घेतला आहे.